छळणारं पोर आपलंच निघालं, तर काय करावं

माझं सांगलीत विश्रामबागला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या एक नेहमीच्या गिऱ्हाईक बाई आल्या. हातात ब्लाउजपिसाची पिशवी होती, पण त्यांनी ती उघडलीच नाही. कटिंगच्या टेबलावर खडू, टेप पडलेली, त्याच्या शेजारी मोबाईल ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, हे एकदा ऐका."

अकरा सेकंदांची क्लिप. त्यांचा मुलगा माझ्या थोरल्याच्या वर्गात, नववीत. २६ जानेवारीला त्यानं शाळेत भाषण केलं होतं. तो बोलताना अडखळतो, आणि त्या दिवशी 'महाराष्ट्र' या शब्दावर अडला होता. कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा कापून चार-पाच वेळा जोडला होता, मागे हलगीचा ठेका टाकला होता. शेवटी पोरांचं हसणं. त्यातला एक आवाज मी चौदा वर्षं ऐकत आलेय.

"पंधरा दिवस झाले, तो शाळेत गेला नाही," त्या म्हणाल्या.

आणि मी काय बोलले? "माझा तसा नाही हो." नंतर कितीतरी रात्री मला ते वाक्य आठवत राहिलं. म्हणून सुरुवात इथूनच करते. उद्या कुणी तुमच्या दारात असा मोबाईल घेऊन आलं, तर हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. समोरची आई तुमच्या मुलाला वाईट ठरवायला आलेली नसते. तिचं पोर घरात कोंडून बसलंय, ते बाहेर यावं एवढ्यासाठी ती लाज बाजूला ठेवून आलेली असते. "बसा. मला सगळं सांगा. मी आज रात्री त्याच्याशी बोलते आणि उद्या तुम्हाला फोन करते," एवढं म्हणा. आणि उद्या खरोखर फोन करा, हातात काही नसलं तरी करा.

पहिली रात्र

घरी सांगितल्यावर हे बेल्ट काढायला उठले. मी मध्ये उभी राहिले. मार योग्य की अयोग्य या वादात मला तेव्हा पडायचं नव्हतं. मला फक्त खरं काय घडलं ते हवं होतं, आणि मार बसला की पोर खरं सांगत नाही, सुटायचं बघतं. पुढे मिरजेच्या ज्या समुपदेशक बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुबळ्याला दाबलं म्हणून मोठ्यानं हाणलं, तर पोराच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं की ज्याच्यात ताकद जास्त त्याचं चालतं.

मोबाईल हिसकावून घ्यायचीही घाई करू नका. एक तर पुरावा त्यातच असतो. दुसरं म्हणजे, मोबाईल जाईल या भीतीनंच पोरं आपल्याला काही सांगत नाहीत, छळ होणारीही आणि करणारीही. त्या मुलानं आपल्या आईला तेरा दिवस सांगितलं नव्हतं, ते याच भीतीनं. मी थोरल्याला म्हटलं, "मोबाईल टेबलावर ठेव. तो तुझाच आहे. पण आज आपण तो दोघं मिळून बघणार." मग त्याच्यासमोरच, त्यालाच स्क्रीनशॉट काढायला लावले. ग्रुपचं नाव, तारीख, वेळ, कुणी काय टाकलं, कुणी काय उत्तर दिलं. काही उडवायचं ते त्यानंतर. घाबरून आधीच उडवलं की उद्या कुणी किती केलं याचा हिशेब लागत नाही आणि सगळं एकाच्या डोक्यावर येतं.

'का केलंस?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "गंमत" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "पहिल्यापासून सांग. आधी काय झालं? मग कुणी काय केलं?" मी तसंच विचारलं आणि पाऊण तास गप्प बसले. मला ते जड गेलं, पण गप्प बसल्यामुळेच कळलं की भाषणाचं रेकॉर्डिंग एकानं केलं, तुकडा दुसऱ्यानं कापला, ठेका माझ्या मुलानं टाकला आणि वर्गाच्या ग्रुपवर चढवलं पहिल्यानंच. "आई, मी फक्त ठेका टाकला." तिघांपैकी प्रत्येकाच्या मनात आपला वाटा एक तृतीयांश होता, आणि एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ काहीच नाही. समोरासमोर कुणाला ढकललं तर हात आपलाच असतो. मोबाईलवर तो हात वाटला जातो.

त्याचं दुसरं वाक्य होतं, "आणि तो पण हसला की." खरंच, क्लिपखाली त्या मुलानंही एक हसरा चेहरा टाकला होता. मी थोरल्याला विचारलं, "सगळे हसतायत आणि तू एकटा आहेस. तू काय टाकशील?" तो बराच वेळ नखं खरवडत बसला. त्यानंतर तो त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

आधी आपल्या घरचा ग्रुप उघडा

त्याच रात्री त्यानं मला जे ऐकवलं, त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय. तो म्हणाला, "मग काकूचं स्टिकर कसं चालतं?"

आमच्या घरच्या ग्रुपवर चौतीस माणसं आहेत. दोन वर्षांपूर्वी ज्योतिबाला जाताना माझी धाकटी जाऊ गाडीत झोपली होती, तोंड उघडं. माझ्या दिरांनी, म्हणजे तिच्या स्वतःच्या नवऱ्यानं, त्या फोटोचं स्टिकर केलं. तेव्हापासून कुणी उशिरा उठलं, कुणी फोन उचलला नाही, की ते स्टिकर पडायचं. थोरल्यानं ग्रुप वर सरकवत सरकवत जुना दिवस काढला. पहिल्यांदा ते स्टिकर आलं, त्याखाली मी तीन हसरे चेहरे टाकले होते. तारखेसकट. ते बघताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

१९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांदुरा यांनी बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एक मोठं माणूस फुगवलेल्या बाहुल्याला हाणताना, त्याला बोल लावताना मुलांनी बघितलं. नंतर त्या मुलांना तोच बाहुला दिला, तर बऱ्याच जणांनी तसंच हाणलं, आणि तोंडानं शब्दही तेच काढले. समुपदेशक बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते माझे तीन हसरे चेहरे. थोरल्याला छळ कसा करावा हे घरात कुणी शिकवलं नव्हतं. पण एखाद्याचा नकळत काढलेला फोटो किंवा आवाज सगळ्यांत टाकायचा, त्याला विचारायचं नाही आणि सगळ्यांनी हसलं की ते चालतं, हे तो आमच्याकडूनच शिकला होता.

म्हणून एक काम करा. एखाद्या रविवारी मुलाला शेजारी बसवा आणि घरच्या ग्रुपवरचा गेला एक महिना दोघं मिळून वाचा. फक्त दोन गोष्टी बघायच्या. हसं कुणाचं होतंय? आणि त्याला कुणी विचारलं होतं का? आमच्या यादीत कोण होतं सांगते. जाडी म्हणून जाऊ, सावळी म्हणून भाची, पस्तिशीला आला तरी लग्न जमेना म्हणून मावसदीर, आणि इंग्रजी चुकतं म्हणून सासरे. वर्गातल्या ग्रुपवर कुणाला धरतात याची यादी थोरल्याला करायला लावली, तर तीही हीच निघाली. जाड, काळा, गावाकडचा, अडखळणारा.

मग मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. ज्यांना लिहायचंय त्यांनी हे उचललं तरी चालेल:

"काकूंचं झोपेतलं स्टिकर मी आजपासून वापरणार नाही. मी पण हसले होते, ते चुकलं. आपल्याकडची पोरं हे बघून शाळेत तसंच करतात, माझ्या घरात ते झालंय. ज्यांच्याकडे ते स्टिकर आहे त्यांनी काढून टाकावं ही विनंती."

कुणाचं नाव नाही, उपदेश नाही. सासूबाईंच्या बहिणीनं लिहिलं, "एवढं काय मनावर घ्यायचं." दीर दोन दिवस काही बोलले नाहीत. पण त्याच रात्री साडेदहाला जावेचा फोन आला. "ताई, मला ते कधीच आवडलं नव्हतं." दोन वर्षं ती आमच्यात बसून जेवली, हसली, सणावाराला राबली, आणि आम्हाला कुणाला कळलं नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला नव्हता, पण थोरला तिथंच होता आणि त्याला ऐकू गेलं.

घरचं वळण फक्त ग्रुपवर दिसतं असं नाही. जेवताना शेजाऱ्यांची नक्कल, टीव्हीवरच्या बाईच्या रंगावर शेरा, 'त्या अमक्याच्या पोराला बघ आणि तू' हे सगळं पोर गोळा करत असतं. आमच्याकडे नकला ह्यांच्याच. चांगल्या करतात, घरभर हशा पिकतो. आता त्यांनी स्वतःच ठरवलंय की नक्कल करायची तर ज्याची करायची तो समोर हवा आणि तोही हसायला हवा. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी ती अकरा सेकंदांची क्लिप ऐकली, त्यावर त्यांनी हे ठरवलं.

लपूनछपून मुलाचा मोबाईल तपासायच्या नादी लागू नका. पासवर्ड चोरून वाचलेलं एक दिवस कळतं, आणि मग दुसरं अकाउंट तयार होतं, जे तुम्हाला दिसतच नाही. आमचा नियम सांगून केलेला आहे. रात्री दहानंतर सगळ्यांचे मोबाईल, ह्यांचा आणि माझाही, शिलाई मशिनच्या खणात. आणि आठवड्यातून एकदा मी विचारते, "ग्रुपवर या आठवड्यात कुणाला धरलं?" पहिले तीन आठवडे "कुणाला नाही" हेच उत्तर आलं. चौथ्या आठवड्यात तो बोलला.

सात जणांची टोळी आणि बाकीचे एकवीस

घर सुधारलं की काम झालं, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. या वयात मित्राचं बघणं आईच्या बोलण्यापेक्षा जास्त भारी पडतं, आणि याला नुसती उनाडकी म्हणून सोडून देता येत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका कॉम्प्युटर गेमवर हे तपासलं. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी असली की मोठ्यांइतपतच सांभाळून खेळायची. मित्र बघत उभे असले की धोका पत्करण्याचं प्रमाण खूप वाढायचं. मोठ्या माणसांवर मित्र असल्या-नसल्यानं तेवढा फरक पडत नव्हता. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात किशोरांना फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. ज्या फोटोला आधीच भरपूर लाइक दिसत होते, त्याला मुलंही जास्त लाइक देत होती, आणि फोटो धोक्याच्या वागण्याचा असला तरी तसंच. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर चेततो तो भाग चेतायचा.

आता हे क्लिपला लावून बघा. ठेका टाकताना माझ्या मुलाच्या डोळ्यासमोर तो अडखळणारा मुलगा नव्हताच. त्याच्या सात जणांच्या टोळीतले बाकीचे सहा जण होते. ते हसतील का, एवढंच होतं.

फिनलंडच्या क्रिस्टिना सालमिवाल्ली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या छळात कोण कोणत्या जागी असतं हे मांडलं. छळणारा, त्याला हात देणारा, हसून चढवणारा, बाजूला राहणारा, वाचवायला जाणारा आणि ज्याचा छळ होतो तो. पुढे त्यांच्या तुर्कू विद्यापीठात 'किवा' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम तयार झाला, तो याच पायावर. नुसतं छळणाऱ्याच्या मागं न लागता बघ्यांना हलवायचं.

आम्ही ते घरी करून बघितलं. मी पॅटर्नचा खाकी कागद पसरला आणि टेलरिंगचा खडू थोरल्याच्या हातात दिला. "ग्रुपवरच्या सगळ्यांची नावं लिही. कुणी काय केलं तेही." तो मुलगा सोडून अठ्ठावीस नावं झाली. बनवणारे तीन. हसरे चेहरे टाकणारे नऊ, त्यात टोळीतले उरलेले चौघे आलेच. पंधरा जणांनी बघितलं आणि काही केलं नाही. आणि एकानं लिहिलं होतं, "बास की आता."

त्या एकाचं पुढं काय झालं, मी विचारलं. दुसऱ्या दिवशी ॲडमिननं त्याला ग्रुपमधून काढलं होतं.

कागदावर हे समोर आलं तेव्हा थोरला पहिल्यांदा रडला. आपण काय केलं ते कळायला त्याला अठ्ठावीस नावं मांडावी लागली. एकट्याला धरून मी कितीही बोलले असते तरी हे झालं नसतं. तुम्हीही हा कागद करा. मुलाला स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं योग्य त्या रकान्यात लिहू द्या. तुम्ही लिहू नका.

मग कामाला लागायचं ते त्या पंधरा जणांपासून. कॅनडात टोरंटोच्या शाळांच्या मैदानांवर हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी छळाचे प्रसंग व्हिडिओवर टिपले होते, त्याचा अभ्यास २००१ मध्ये आला. ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. मध्ये पडली ती १९ टक्के प्रसंगांतच. पण मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद. आमची क्लिप अकरा सेकंदांची होती.

बघ्या पोराकडून मोठ्या धाडसाची अपेक्षा करू नका. "तू उभं राहून सगळ्यांना थांबवायला हवं होतंस" म्हटलं की ते मान खाली घालून गप्प बसतं, कारण त्याला ग्रुपमधून काढलेल्याचं उदाहरण डोळ्यासमोर असतं. त्याला झेपेल असं काहीतरी हातात द्या. आम्ही या चार गोष्टी काढल्या, थोरल्याच्याच भाषेत. हसरा चेहरा टाकायचा नाही, ही पहिली, आणि ती सगळ्यात सोपी. ज्यानं टाकलं त्याला ग्रुपवर न बोलता वेगळा मेसेज करायचा, "हे उडव रे, जास्त होतंय." ग्रुपवर विषयच बदलायचा, उद्याच्या गणिताच्या पेपरचं काहीतरी विचारायचं. आणि ज्याला धरलंय त्याला एकट्याला लिहायचं, "मी नाही हसलो. उद्या सायकलवर बरोबर जाऊ?"

ही चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. त्या मुलाच्या आईनं मला नंतर सांगितलं की पंधरा दिवसांत त्याला असा एकही मेसेज आला नव्हता. 'बास की आता' लिहिणाऱ्यालाही तो सुचला नव्हता.

बाकीच्या आईवडिलांना फोन

पालकांच्या ग्रुपवर हे टाकू नका. तिथं टाकलं की छळ झालेल्या मुलाचं नाव शंभर घरांत जातं आणि छळणाऱ्यांचे पालक कंबर कसून उभे राहतात. एकेकाला फोन करा, आणि सुरुवात आपल्या मुलापासून करा. मी असं बोलायचे: "वहिनी, माझ्या मुलानं एक क्लिप बनवण्यात भाग घेतलाय. त्यात तुमचाही आहे असं तो म्हणतो. तुम्ही त्याच्याशी बोला, मग आपण दोघी ठरवू." आधी आपलं सांगितलं की समोरचा भांडायला उठत नाही. बहुतेक वेळा.

एका वडिलांनी सुनावलं, "पोरं आहेत, चालायचंच. आम्हाला काय कमी चिडवलं का?" त्यांच्याशी मी वाद घातला नाही. एकच मागणी केली, "त्याच्या मोबाईलमधून क्लिप काढायला सांगाल का?" ते हो म्हणाले. सगळ्यांचं मन वळवत बसायची गरज नसते. पण एक गोष्ट मात्र त्यांना सांगायला हवी होती असं आता वाटतं, ती तुम्हाला सांगते. त्यांच्या वेळी चिडवणं शाळा सुटली की संपायचं. घरी आलं की आई, ताट, अंथरूण. आता ते अंथरुणात येतं.

क्लिप काढण्याबद्दल थोडं. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसच चालतं. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्यानं टाकलेलंही सगळ्यांसाठी काढू शकतो, म्हणून ॲडमिन कोण ते आधी शोधा. ज्यानं स्वतःच्या मोबाईलमध्ये उतरवून घेतलंय त्याच्याकडून मात्र ते आपोआप जात नाही. तिथं फोन करण्याला पर्याय नाही. ज्याला धरलंय त्याच्या मोबाईलमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे बदला, नाहीतर एका ग्रुपमधून बाहेर पडलेल्याला दुसऱ्यात ओढतात. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' आहे. त्यानं समोरच्याला कळत नाही, पण त्याच्या कमेंट त्याला एकट्यालाच दिसतात. ब्लॉक केलं तर शाळेत जाब विचारतील अशी भीती असते, तिथं हे बरं पडतं.

शाळेत आम्ही आधी वर्गशिक्षिकेला भेटलो, दोन्ही आया एकत्र. एकच विनंती होती. कुणालाही वर्गात उभं करू नका, त्या मुलाला तर नाहीच. सगळ्यांसमोर मागवलेल्या 'सॉरी'चीही दुसऱ्या दिवशी क्लिप होते.

कुठल्या गोष्टी घरात मिटवायच्या नाहीत

आमचं घराघरांत निभावलं. सगळ्याच गोष्टी अशा निभवायच्या नसतात. कपड्यांविना फोटो असेल, एआयनं बनवलेला असला तरी, धमकी असेल, पैसे मागत असतील, कुणाच्या नावानं खोटं अकाउंट काढलं असेल, तर शेजारीपाजारी मिटवायला जाऊ नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० वर तक्रार करा. मुलांसाठीची मदत १०९८ वर चोवीस तास असते. अठरा वर्षांखालच्या मुलाचा तसला फोटो असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा तो कुणाला फॉरवर्ड करू नका, शिक्षकांनाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली तसलं साहित्य पाठवणं आणि साठवणं दोन्ही गुन्हा आहे. अकाउंटचं नाव, लिंक, तारीख, वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो आपल्या मोबाईलबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि त्या सेवेत सामील असलेली ॲप तो फोटो शोधून काढतात.

'कलम ६६ अ गेलं, आता काही होत नाही' असं पोरं एकमेकांना सांगतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं हे खरं. पण पाठलाग, धमकी, खोटी ओळख, खासगी फोटो यांची कलमं जागेवर आहेत. अठरा वर्षांखालच्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, म्हणजे ते जातंच.

आणि कुठल्याही बाजूचं पोर, छळलं गेलेलं किंवा उघडं पडलेलं, "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोललं, तर क्लिप, ग्रुप, शाळा सगळं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. उघड्या पडलेल्या मुलाचं मी मुद्दाम लिहिलंय. सगळं बाहेर आलं त्या आठवड्यात मी थोरल्याच्या खोलीचं दार लावू दिलं नव्हतं.

माफी

पहिल्या दिवशी माफी मागायला नेऊ नका. मी नेणार होते. त्या बाईंनीच थांबवलं, "तो नको म्हणतोय." माफी कधी, कशी, घ्यायची की नाही, हे त्या मुलानं ठरवायचं.

मी थोरल्याला चिठ्ठी लिहायला सांगितली. पहिल्या चिठ्ठीत होतं, "जर तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." मी म्हटलं, "'जर' काढ. वाटलंच आहे." दुसऱ्यात होतं, "आम्ही सगळ्यांनी." ते खोडून त्यानं "मी" केलं. तिसऱ्यात त्यानं आपल्याला किती वाईट वाटतंय यावरच अर्धं पान भरलं होतं. ते वाचलं की त्या मुलालाच याची समजूत काढावी लागली असती. तेही गेलं. शेवटी चार ओळी राहिल्या. ठेका मी टाकला. क्लिप माझ्या आणि त्या दोघांच्या मोबाईलमधून काढली आहे. आणखी कुठं दिसली तर मला सांग, मी काढायला लावीन. तुझं भाषण मी पूर्ण ऐकलं नव्हतं.

चिठ्ठी मी ब्लाउजच्या पिशवीत घालून दिली.

पुढचं सगळ्यात अवघड, आणि याबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. थोरल्यानं ॲडमिनला क्लिप काढायला लावली, म्हणून टोळीनं त्यालाच तोडलं. मधल्या सुट्टीत तो एकटा डबा खायला लागला. तुम्ही पोराला सरळ वागायला लावलंत तर त्याची किंमत त्याला मोजावी लागते, आणि त्या दोन-तीन महिन्यांत त्याला घरात माणसं लागतात. रविवारी दुकान नेहमीच बंद असायचं, पण आधी त्या दिवशी हे झोपायचे. आता ते थोरल्याला घेऊन सायकलनं हरिपूरला जायला लागले, कृष्णा-वारणेच्या संगमावर. काय बोलायचे मला माहीत नाही. दिरांनी त्याला त्यांच्या ओळखीच्या कबड्डीच्या संघात नेलं, तिथं शाळेतलं कुणीच नव्हतं. मित्र तोडायला लावत असाल तर दुसरे मित्र कुठं मिळतील तेही बघा. नाहीतर पोर महिन्याभरात त्याच टोळीच्या दारात परत उभं राहतं, आणि आत घेण्यासाठी टोळी जे मागेल ते करतं.

'बास की आता' लिहिणारा मुलगा एप्रिलमध्ये आमच्याकडे आला, थोरल्यानंच बोलावलं होतं. दोघं गच्चीवर तासभर होते. मी पोहे वर पाठवले, स्वतः गेले नाही.

जुलैत त्या बाई पुन्हा दुकानात आल्या, दोन ड्रेसची मापं होती. मी टेप लावत असताना म्हणाल्या, "चिठ्ठी वाचली त्यानं. कंपासमध्ये ठेवलीय. पण बोलायचं नाही म्हणतो."

"नको बोलू दे," मी म्हटलं. रात्री थोरल्याला त्यांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. "मग आता मी काय करू?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, की त्याच्या मागं लागायचं नाही, आणि ग्रुपवर त्याच्यावर काही आलं तर काय करायचं ते तुला माहीत आहे. तो "बरं" म्हणाला आणि मोबाईल मशिनच्या खणात ठेवून झोपायला गेला.